कोनवीर

अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या पॉटलकला गेलात, तर बटाटेवड्यांच्या रांगेपासून लांब, ड्राइव्हवेतल्या गाड्यांच्या चाकांपाशी वाकलेला एक गृहस्थ हमखास दिसेल. वय चाळीस-पंचेचाळीस, नोकरी सॉफ्टवेअरमधली, हात कोपरापर्यंत रापलेले आणि कपाळ मात्र टोपीमुळे गोरं राहिलेलं. यजमानांच्या टायरवरचा आकडा वाचून तो स्वतःशीच म्हणतो, “पाचशे? फारच कडक रबर,” आणि यजमानांकडे अशा नजरेनं बघतो, की त्यांना उगाचच आपली रक्तातली साखर आठवते. हा कोनवीर. हा ऑटोक्रॉस करतो.

ऑफिसात त्यानं सांगितलेलं असतं, की मी मोटारींच्या शर्यतीत उतरतो. आईला फोनवर सांगितलेलं असतं, की रिकाम्या पार्किंगमध्ये जरा गाडी चालवतो. दोन्ही खरं आहे. स्टेडियमची मोकळी पार्किंग किंवा एखाद्या विमानतळाची पडून असलेली धावपट्टी, तिच्यावर नारिंगी कोन मांडून आखलेली वळणं, एका वेळी एकच गाडी, आणि स्पर्धा घड्याळाशी. फेरी साधारण मिनिटभराची. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते, त्यामुळे हायवेवरच्या वेगाच्या पुढे प्रकरण क्वचितच जातं. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड, ठरलेलं फाटक चुकलं की फेरीच बाद. दिवसभरात अशा चार-सहा फेऱ्या मिळतात. म्हणजे पहाटे साडेपाचला उठायचं, तासभर गाडी हाकत जायचं, डांबरावर आठ तास भाजून घ्यायचं आणि प्रत्यक्षात पाच मिनिटं गाडी पळवायची.

पण उरलेल्या वेळातच तर खरी गंमत आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेनं १९७३ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. हल्ली ती नेब्रास्कातल्या लिंकन गावी होते आणि हजाराच्या वर स्पर्धक तिथे जमतात. क्लब अमेरिकन असला, तरी नियम लिहिणारा माणूस सदाशिव पेठेतला असावा असा मला दाट संशय आहे. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूनं चौकोन आखलेला असतो. कोन हलला पण उभा आहे आणि त्याचा थोडा तरी भाग चौकोनाला लागून आहे, तर माफ. उभा आहे पण संपूर्ण बाहेर गेलाय, तर दोन सेकंद. दिशा दाखवण्यासाठी आडवा ठेवलेला कोन उडाला, तर काहीच नाही. शिवाय नोंदणीची रांग, तपासणीची रांग, आणि आपली पाळी झाली की उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलण्याची सक्ती. इतकं सुरक्षित, इतकं काटेकोर आणि इतकं रांगेचं साहस मध्यमवर्गीय मराठी माणसाला दुसरं कुठे मिळणार?

आता गाडी. कोणत्याही क्लबात नवख्याला पहिला सल्ला फुकट मिळतो: जी गाडी घरी आहे, तीच घेऊन ये. कोनवीराचा फुकटच्या सल्ल्यावर विश्वास नाही. तो अख्खा हिवाळा एक्सेल शीट भरतो. वजन, पुढची चाकं ओढतात की मागची ढकलतात, टायरचे भाव, विमा, आणि सगळ्यांत शेवटी, पिवळ्या रंगात, विकताना काय येईल. मुरलेले लोक त्या शीटकडे न बघताच सांगतात, मियाटा घे. त्यांचंही बरोबर आहे. मिनिटभरात डावी-उजवी इतकी होते, की मोठ्या इंजिनाला श्वास घ्यायला सरळ रस्ताच मिळत नाही. कामाला येतो तो हलकेपणा आणि आखूडपणा. माझदानं १९८९ मध्ये आणलेली पहिली मियाटा जेमतेम टनभराची आणि ११६ अश्वशक्तीची, पण कोनांच्या गल्लीत ती भल्याभल्यांना पाणी पाजते.

मियाटाला आसनं दोन.

“यात आई-बाबा कुठे बसणार?” बायको विचारते.

“ते वर्षातून सहाच महिने असतात गं.”

यावर जी शांतता पसरते, तिच्यात मियाटाची ओळ शीटमधून आपोआप खोडली जाते. पुण्याहून वडिलांचंही मत येतं, “एवढे डॉलर मोजून दोनच सीटा? त्या तर माझ्या चेतकलाही होत्या.”

मग टोयोटाची ८६ बघून होते. तिला मागे दोन आसनं आहेत अशी कंपनीची श्रद्धा आहे. आठ वर्षांच्या मुलीला बसवून बघितलं, तर ती म्हणाली, “बाबा, पाय काढून ठेवू का?” मस्टँग देखणी, पण जड आणि लांबरुंद. टेस्ला मॉडेल थ्री सुसाट सुटते. तरी बॅटरीचं ओझं वळणावर टायरांना जाणवतं, आणि आवाज न करता खर्च झालेला पैसा कोनवीराला पटत नाही. एका रात्री तो शिलाईच्या टेपनं घरच्या एसयूव्हीची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर मोजताना सापडतो. अंतरापेक्षा उंची जास्त असलेली वाहनं उलटण्याच्या भीतीनं बहुधा परत पाठवली जातात. उंची जास्तच निघते. शेवटी ठरते वापरलेली होंडा सिव्हिक एसआय: चार दारं, हातानं टाकायचे सहा गिअर, आणि डिकीत तांदळाचं मोठं पोतं आडवं बसतं. शीटमध्ये पोत्याचा रकाना नव्हता, पण निकाल त्यानंच लावला.

जुनी असली तरी घरात नवीन, म्हणून पूजा होते. चार चाकांखाली चार लिंबं. सात वळणांची फेरी आखणाऱ्या माणसाचं एक लिंबू निसटून शेजाऱ्याच्या हिरवळीवर जातं, त्याचा दंड कुणी मोजत नाही.

इथून पुढे खर्च ड्रायव्हरवर करावा, म्हणजे शिकावं, असं जाणते सांगतात. फार तर चांगले टायर आणि चाकांचं अलाइनमेंट. कोनवीर हत्यारं घेतो. नट घट्ट करायचा टॉर्क पाना, हवेचा दाब बघायचा काटा, टायरचं तापमान दाखवणारं पिस्तूल. “घरातही उपयोगी पडतं,” असं म्हणून तो ते पिस्तूल एकदा वरणावर रोखून दाखवतो.

तपासणीच्या सकाळी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी लागते, कारण वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकखाली गेली तर खेळ संपलाच. मग डांबरावर संसार मांडला जातो: मुलीची सीट, छत्री, बर्फ खरवडायची पट्टी, कुठल्याशा दिवाळीचे शेंगदाणे. डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी तपासनीस थबकतो. दोन बोटांनी ओढून बघतो. गणपती हलत नाही. पास.

पहिल्या दिवशी कोनवीर वाट चुकतो. सगळेच चुकतात, चालत बघितलेले कोन गाडीतून बघताना नुसते नारिंगी रान होऊन जातात. मग एक पांढऱ्या केसांच्या शिक्षिकाबाई त्याचीच सिव्हिक एकदा चालवून दाखवतात आणि सहा सेकंदांनी पुढे जातात. त्या सहा सेकंदांचा हिशेब तो वर्षभर मांडतो: हवा दोन पौंड कमी होती, डांबर तापलं नव्हतं. वेगवेगळ्या गटांतल्या गाड्यांची तुलना करायला वेळेला एका आकड्यानं गुणायची सोय आहे. त्या गुणाकारानंतर आपण बत्तिसाव्यावरून एकोणतिसावे कसे आलो, हे तो पॉटलकला श्रीखंड संपेपर्यंत समजावतो.

पण या जातीचा अस्सल नमुना मी पाहिला तो कोनवीर नव्हे, त्याचा बाप. जिल्हा बँकेत हिशेबतपासनीस होते, आता निवृत्त. सहा महिने घरात बसून काय करणार, म्हणून मुलानं त्यांना मैदानावर नेलं. अपघाताची जबाबदारी आपलीच, असं लिहून द्यायचं हमीपत्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून सही केली, टोपी घातली, आणि कोन उचलणाऱ्यांच्या तुकडीत उभे राहिले. दुपारी मुलाची फेरी लागली. गाडी सुरेख गेली, ५९.८ सेकंद, मिनिटाच्या आत पहिल्यांदाच. तुकडीचा प्रमुख रेडिओवर स्वच्छ फेरी म्हणून कळवणार, एवढ्यात बाबा एका उभ्या कोनापाशी गेले, चष्मा वर करून वाकले आणि हात उंचावून म्हणाले, “वन मिनिट. संपूर्ण रेघेच्या बाहेर आहे हा.”

प्रमुखानं येऊन बघितलं. होता. दोन सेकंद.

“अहो बाबा, बोटभरच गेला होता ना?” मुलगा गाडीतून उतरून म्हणाला.

“बोटभर आत असता तर माफ होता. नियम तूच सांगितलास सकाळी.”

त्या संध्याकाळी घरी कुणी फारसं बोललं नाही. क्लबवाल्यांचा मात्र पुढच्या आठवड्यात फोन आला. मोसमातल्या शेवटच्या स्पर्धेला तुम्ही येताय का, हे त्यांनी कोनवीराला विचारलंच नाही. तुमच्या वडिलांचा व्हिसा कधीपर्यंत आहे, तेवढं विचारलं.