आतली खोली, मधला भाग

क्रूझच्या जाहिरातीत किमतीच्या आकड्याच्या उजव्या खांद्यावर एक बारीकशी चांदणी असते. ती सहसा कोणी पाहत नाही. पाहिलीच तर जाहिरातीतल्या आकाशातलीच एखादी घरंगळून खाली आली असावी, असं वाटतं. तिचा खुलासा अगदी तळाशी, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत केलेला असतो. हा दर माणशी, पण खोलीत दोघं असतील तर. कर वेगळा, बंदराचं शुल्क वेगळं, सेवाशुल्क वेगळं. एकट्यानं जायचं म्हटलं तर जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. गिऱ्हाइकाचं लग्न झालेलं आहे आणि ते अजून टिकून आहे, असं गृहीत धरूनच सगळं गणित मांडलेलं.

मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची सफर आम्ही उभयता करून आलो, तेव्हापासून सोसायटीत आणि नात्यागोत्यात मी या विषयातला जाणकार ठरलो आहे. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत आडवं पाडून, तोंडात आरसा घालून विचारलं, "काय हो, परवडतं का ते?" मी 'आं' एवढंच म्हणू शकलो. त्या म्हणाल्या, "हो ना? मग आम्हीही जातोच दिवाळीत."

स्वस्त क्रूझ मुळात स्वस्त का असते, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. एक तर बोटीचं वय. मुंबईहून २०२१ पासून फिरणारी 'एम्प्रेस' ही बोट १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं कामाला लागली. उमेदीच्या काळात तिनं मायामीहून बहामाकडच्या तीन-चार रात्रींच्या सहली केल्या आणि पुढं आपल्याकडं आली. ती पहिल्यापासून छोट्या सहलींचीच, पण एरवी जगभर साधारण रीत अशी. नवी कोरी बोट लांबच्या आणि महागड्या सफरींवर. तिची तिशी जवळ आली की छोट्या सहली, हलका दर आणि नवा रंग. यात कमीपणा काही नाही. आमच्या सोसायटीची इमारतही त्याच सुमाराची आहे आणि तिला नवा रंगसुद्धा मिळालेला नाही.

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. बोटीची खरी कमाई तुम्ही चढल्यावर सुरू होते. जगातल्या बड्या क्रूझ कंपन्यांच्या वार्षिक हिशोबांत उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा असतो : दारू, कॅसिनो, मालिश, फोटो, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली. तिकीट स्वस्त ठेवायचं ते माणसं आत यावीत म्हणून. आता आमच्यासारखी माणसं पाहा. बारमध्ये पाणी मागणार, फोटो स्वतःच्या फोनवर काढणार, मालिशचं दरपत्रक उभ्या उभ्या वाचून 'अरे वा' म्हणणार. व्यापाराच्या दृष्टीनं आम्ही फुकटेच. किनारा बारा सागरी मैल मागं पडला की कॅसिनोचे दिवे लागतात आणि तिथं कुणीतरी एक गृहस्थ माझ्या तिकिटाचा राहिलेला भाग भरत बसलेले असतात. मी त्यांच्या टेबलाजवळून जाताना मनातल्या मनात हात जोडले. ते हरत होते.

म्हणून विचारणाऱ्याला मी आधी उलटा प्रश्न करतो : तुम्हाला तिथं जाऊन काही हवंय का? काही नको असेल तर क्रूझसारखी स्वस्त सहल नाही. काही हवं असेल, अगदी साधं वायफाय जरी, तर मात्र खिशाला हात.

सगळ्यांत कसून उलटतपासणी घेतली ती माझ्या मेहुण्यानं. त्याची उभी हयात बँकेच्या अंतर्गत तपासणीत गेलेली. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत म्हणून त्याच्या बायकोनं क्रूझचं नाव काढलं आणि यानं रातोरात एक्सेलमध्ये कोष्टक मांडलं. घरी त्यांची आत्या असते. तिला एकटीला सोडून जाता येत नाही, हा आधी अडथळा होता. पण खोलीत तिसऱ्या माणसाला दर कमी पडतो, हे कळल्यावर तोच मुद्दा जमेच्या बाजूला गेला. तिघांच्या खोलीत तिसरा पलंग म्हणजे भिंतीतून बाहेर ओढायची वरची फळी. आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली, बायकोचे गुडघे दुखतात. तेव्हा लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला नवऱ्यानं शिडीनं वर जायचं, हे एकमतानं ठरलं.

"भावोजी, झोपेचे तास धरायचे का?" त्यानं मला फोनवर विचारलं. तो तासाचा दर काढत होता. हॉटेल म्हणून पाहिलं तर झोप धरायला हवी, प्रवास म्हणून पाहिलं तर नको. मी म्हटलं, मांडवी एक्स्प्रेसशी तुलना करायची असेल तर नको. सकाळी सीएसएमटीला बसलं की संध्याकाळी मडगाव, दिवसाउजेडी सगळं कोकण खिडकीतून सरकतं आणि डब्यात खाण्याचे पदार्थ एकामागून एक येत राहतात. त्या गाडीचं भाडं, गोव्यातलं बऱ्यापैकी हॉटेल आणि जेवणखाण असा एक रकाना. जाहिरातीतला आकडा, त्यावर कर आणि चांदणीखालचं सगळं असा दुसरा. दोन्ही रकाने इतके जवळ आले की तो खट्टू झाला. हिशोबानं निकाल द्यावा, ही त्याची आयुष्यभराची अपेक्षा.

मग त्यानं तिसरा रकाना उघडला : प्रत्यक्ष गोव्यात मिळणारे तास. बोट लागते मुरगावला. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. रांगेनं उतरायचं, टॅक्सी ठरवायची आणि बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी परत हजर व्हायचं. मधल्या वेळात एखादं चर्च, एखादा किनारा, एक जेवण आणि ज्यांनी दुकानाचा पत्ता हातात ठेवलाय त्या शेजाऱ्यांसाठी काजू. "गोव्याच्या जमिनीवरचा तास भलताच महाग पडतोय," तो म्हणाला. बरोबर होतं. गोवा हे निमित्त आहे. तुम्ही बोटीवर राहायला जाता, आणि बोटीच्या मालकाचीही इच्छा तुम्ही फार खाली उतरू नये, हीच असते.

खोलीचा प्रश्न मी एका वाक्यात मिटवला : आतली घ्या, मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. तिला खिडकी नसते, म्हणून ती सर्वांत स्वस्त. सकाळचे सात वाजलेत की रात्रीचे तीन, हे तिथं फक्त पोटाला कळतं. पण बोट पुढं-मागं डुलते ती मधल्या भागाभोवती. नाळेशी आणि वरच्या मजल्यांवर झोका मोठा, मध्यावर आणि खाली लहान. बाल्कनीवाले दुप्पट पैसे मोजून जास्त हेलकावे विकत घेतात. आम्हाला बोट लागली नाही. वरच्या मजल्यावरचे एक सद्‌गृहस्थ मात्र सकाळी लिंबू हुंगत जिन्यात बसलेले दिसले. त्यांची बाल्कनी रिकामीच होती.

जेवणाविषयी सगळे खोदून खोदून विचारतात, आणि इथं मला थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. जेवण तिकिटातच असतं, शिवाय जैन, शाकाहारी असे वेगळे विभाग. घरून शिजवलेलं काही नेता येत नाही. सामान विमानतळासारखं यंत्रातून जातं, आणि आमच्या बॅगेतली लसणीची चटणी पडद्यावर पाहून सुरक्षारक्षकानं आपल्या वरिष्ठाला बोलावलं होतं. वर गेल्यावर पहिल्या बुफेला माणूस जेवत नाही, तिकीट वळतं करून घेतो. माझ्यापुढच्या काकांच्या ताटलीत इडलीवर पास्ता, पास्त्याला रेललेला ढोकळा, आणि गुलाबजामाच्या पाकात कडेपर्यंत बुडालेलं कटलेट. काकूंनी हळूच विचारलं, "एवढं संपेल का?" काका म्हणाले, "संपवायचं कुणी म्हटलंय?" रात्रीच्या जेवणाला तेच काका निम्म्यावर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आचाऱ्याला विचारत होते, साधा वरणभात कुठं आहे. असला तर त्यावर तूप मिळेल का.

करमणुकीचे कार्यक्रम असतात. ते जोरात असतात.

आमची खोली आवरणारा मुलगा मडगावच्या बाजूचा. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी तारवटी असतोच. हा महिनोन्‌महिन्यांच्या करारावर. संध्याकाळी त्यानं टॉवेलचा हत्ती करून पलंगावर बसवला, त्याच्या सोंडेवर माझा चष्मा चढवला. बायको म्हणाली, "आता अंग कशानं पुसायचं?" त्यानं हसून दुसरा टॉवेल दिला. बोट मुरगावला लागते तेव्हा त्याचं घर तासाभरावर असतं आणि तो आमच्या चादरी बदलत असतो. स्वस्त तिकिटातला तेवढा वाटा कुणाकडून येतो, हे मेहुण्याच्या कोष्टकात बसलं नाही. मी जाताना पाकिटात थोडे जास्त ठेवले. सेवाशुल्क आधीच कापलंय, याची बायकोनं आठवण करून दिली.

आत्यानं मात्र हा सगळा खटाटोप ऐकून एकदाचं तोंड उघडलं. "बोटीत बसाक पैशे? आमी उतराक पैशे दिले असते."

ती देवगडची. तिच्या लहानपणी मुंबईहून कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. उघड्या डेकवर घोंगडी पसरून जागा अडवायची, ट्रंकेला पाय बांधल्यासारखं बसून राहायचं, आणि खारा वारा सुटला की रांगेनं सगळ्यांना बोट लागायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी एकेक बंदरं घेत बोट जाई. पण बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव येत, लाटेबरोबर वरखाली होत. पडाव वर आला की खलाशी ओरडणार, आणि त्या क्षणी उडी टाकायची. आत्याला एकदा तिच्या काकांनी आणि एकदा एका अनोळखी खलाशानं झेललेलं. तिची एक आजी तर १९४७ साली रेवसच्या वाटेवर 'रामदास' बुडाली तेव्हापासून बोटीचं नाव काढलं की तुळशीपुढं दिवा लावून बसायची. पावसाळ्यात बोटी बंद असत. मग गावाकडचं माणूस गावाकडंच. पुढं रस्ते झाले, एसटी झाली, बोटी थांबल्या. मधे २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावानं 'आंग्रिया' निघाली, तेव्हा आत्यानं वर्तमानपत्रातलं तिचं चित्र बरंच न्याहाळलं होतं.

"देवगडाक थांबता काय?" तिनं मला विचारलं.

नाही थांबत. हर्णै नाही, रत्नागिरी नाही, मालवण नाही. संध्याकाळी मुंबई सुटली की सकाळी गोवा. सगळं कोकण रात्री डावीकडून निघून जातं, आणि त्या वेळी वरच्या मजल्यावर कुणीतरी माईक हातात घेऊन सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगत असतो. मी हे जरा सावरून सांगितलं. मला वाटलं, आता ती नको म्हणेल आणि तिसऱ्या माणसाची सवलत बुडेल.

ती म्हणाली, मग मला खिडकी हवी.

मेहुण्याचा चेहरा पडला. आतल्या खोलीवर आधारलेलं अख्खं कोष्टक कोसळलं. पण माणूस चिवट. त्यानं बोटीचा वेग आणि अंतर मांडून देवगड किती वाजता येईल ते काढलं, ते पहाटेच्या सुमाराला निघालं. बोटीवरचं इंटरनेट घेतल्याशिवाय आपण कुठं आहोत ते कळणार कसं, या चिंतेत तो दोन दिवस होता. मग त्याच्या मुलानं सांगितलं की फोनच्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशा घरीच उतरवून घ्या. एवढे पैसे वाचल्यावर त्यानं खिडकीला मंजुरी दिली. बोट किनाऱ्यापासून बरीच आत असते. दिसलाच तर दीपगृहाचा उजेड दिसेल, तोही हवा स्वच्छ असली तर, असं मी बजावलं. आत्याला ते चालणार होतं.

आता प्रश्न कुठल्या बाजूच्या खिडकीचा. मेहुण्यानं टेबलावर पट्टी ठेवून दिशा लावली. जाताना किनारा डावीकडं. म्हणजे डाव्या बाजूची खोली.

"आणि उजव्या बाजूक काय दिसतला?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. सरळ अरबस्तान."

"मगे तेंचे पैशे कमी घेतत काय?"

दर दोन्हीकडं सारखाच होता. मेहुण्यानं पुन्हा एकदा संगणक उघडला.