पैनगंगेवरची जुनी मोटर : प्रवास आणि निदान

आउटबोर्ड मोटर म्हणजे नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन. वर सिलिंडर, मधे उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास ती बाजारात आणली तेव्हा ती खांद्यावर टाकून कुठेही नेता येते, याचे मोठे कौतुक झाले. आदिलाबाद जिल्ह्यात हा गुण फारच कामाला येतो, कारण इथली जुनी मोटर पाण्यापेक्षा रस्त्यावरच जास्त फिरते.

तिचा प्रवास सुरू होतो आदिलाबाद शहरात, फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दारात. जिल्हा कापसाचा, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनाची नाडी ओळखणारा माणूस इथे सापडतो. पहिला प्रश्न ऑइलचा. मोटर जितकी जुनी तितके ऑइल जास्त : कुठे लिटरला २० मिली, कुठे ४०. कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि धुराने गल्ली गोळा होते. मग मोटर पाण्याने भरलेल्या टिपाडात चालवून बघतात. कोरडी चालवायची नाही, कारण पाणी खेचणारी रबरी चकती तेवढ्यात करपते. टिपाडात ती हटकून सुरेल चालते. मुलगी बघायला आलेला नवरदेवही इतका शहाण्यासारखा वागत नाही. कारण साधे आहे : टिपाडात ओढायला काही नसते. कमजोर फ्युएल पंप, हवा खेचणारी नळी, अर्धा बुजलेला जेट, हे सारे वजन पडल्यावरच उघडे पडते.

पुढचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग ४४. उत्तरेला डोल्लाऱ्याकडे पैनगंगेपर्यंत वीसेक किलोमीटर. मोटर उभीच न्यावी. डोके खाली गेले तर दांड्यात साचलेले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. उभ्या मोटरला रिक्षात एका माणसाची जागा लागते आणि रिक्षावाला भाडेही माणसाचेच घेतो. तेवढ्यात मागच्या पावसाळ्यापासून टाकीच्या तळाशी शांत बसलेला गंज आणि पाणी घुसळून वर येतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाशी जाते. मोटरची नळी पेट्रोल तळातूनच ओढते. म्हणून जुने पेट्रोल ओतून देणे हा निम्म्या तक्रारींवरचा उपाय. पण तो खर्चाचा असल्याने सर्वांत शेवटी सुचतो.

नदीवर दोरी ओढली की मोटर सुरू होते, काही मिनिटे चालते आणि मधोमध बंद पडते. तिथे अलीकडे तेलंगण, पलीकडे यवतमाळ जिल्हा. जबाबदारी कुणाचीच नाही. नावेतली मंडळी मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनीत एकच सल्ला देतात : प्लग काढा. वास्तविक आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघावा. तो बंद असला तर पेट्रोल जाईल तितकी आत पोकळी होते आणि नळीवरचा रबरी पंप चपटा पडतो. स्क्रू सैल केला की फुस्स आवाज येतो आणि मोटर सुरू होते. सल्लागारांना हा उपाय आवडत नाही, त्यात पाना लागत नाही.

प्लग काढायचाच तर नीट बघावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर तब्येत ठीक. ओले आणि काळे असेल तर त्या सिलिंडरमध्ये बहुधा ठिणगी पडत नाही. दोन सिलिंडरची मोटर मग एकावर लंगडत राहते. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पोचते. चोक थोडा ओढल्यावर मोटर सुधारली तर दोष बहुधा कार्बोरेटरच्या जेटमध्ये. जेटमध्ये फुंकर मारावी, साडीची पिन घालू नये. भोक मोठे झाले की मोटर कायमची खादाड होते. पाना मात्र दोरीने नावेला बांधावा. पैनगंगेने बरेच पाने जमा करून ठेवले आहेत.

मोटर चालू असताना मागून पाण्याची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. पुरातल्या गढूळ पाण्यातला गाळ चकतीची पाती झिजवतो आणि पिचकारीचे तोंड बुजवतो. पिचकारी आली नाही तर मोटर लगेच बंद करावी. मग तोंडात बारीक तार घालून बघावी.

इंजिन गर्जते पण नाव हलत नाही, हा शेवटचा आणि सर्वांत देखणा बिघाड. उन्हाळ्यात पाणी उतरले की पंखा खडकावर आपटतो. जुन्या मोटरीत पंख्यात एक मऊ धातूची पिन असते. गिअर वाचावा म्हणून तिने मोडायचे, एवढेच तिचे काम. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकण्याची पद्धत आहे. खिळा मोडत नाही. गिअर मोडतो.

अशा वेळी बांबूने नाव काठाला लावावी आणि गिअरचे तेल सोडून बघावे. दुधाळ निघाले तर सील गेले, पाणी शिरले. सील मागवायला मॉडेल नंबर लागतो. तो एका पट्टीवर कोरलेला असतो, आणि त्या पट्टीवर कुणीतरी बहुधा हौसेने ऑइलपेंट मारलेला असतो.