लखुजीरावांचा वाडा आणि माझे तळपाय

राजवाडा म्हटला की मला झुंबर लागतं. मैसूरला राजवाडा पाहिल्यापासून घरचा बल्ब बदलतानाही मी राजेशाही थाटात स्टुलावर चढतो. त्यामुळे लोणारला जाता जाता सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा वाडा पाहायचं ठरलं, तेव्हा मी इस्त्रीचा झब्बा चढवला. महिना मे, वेळ दुपारची. पत्नीने पायमोजे घातले; का, ते सांगितलं नाही.

जालन्याहून येताना वाटेत मोती तलाव लागला, तो गाडीतूनच पाहिला. वाड्याचा दरवाजा मात्र असा उंच, की मान वर करताना टोपी पडली. आत शिरून मी वर पाहिलं. निळंशार आकाश!

"अहो, झुंबर टांगायला आधी छत लागतं," पत्नी म्हणाली.

१२ जानेवारी १५९८ला जिजाऊ याच वाड्यात जन्मल्या. जन्मस्थानाकडे पायात चपला ठेवून कोण जाईल? काढल्या. पहिलं पाऊल भक्तीचं पडलं. दुसऱ्याला फरशीने आपली ओळख करून दिली. तिसऱ्यापासून लेझीम सुरू झाली. मी डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून टाचेवर, टाचेवरून थेट एका झुडपाच्या वीतभर सावलीत. झुडूप काटेरी निघालं. पत्नी पायमोज्यांतून संथ चालत राहिली. एक पोरगा मोबाइल काढून माझं चित्रण करू लागला. सावलीतले एक आजोबा शेवटी कळवळले, "भाऊ, पयता काहून? भितीच्या कडेकडेनं या ना!"

भिंतीला चिकटून सरकलो, तेव्हा तिच्यावरची कोरीव अक्षरं नाकासमोर आली. बाण मारलेले बदाम आणि त्यांत जोडप्यांची नावं. तळपाय पोळलेले होतेच, आता डोकंही तापलं.

जन्मस्थानी एक बाई तान्ह्या लेकीचं कपाळ उंबऱ्याला टेकवत होत्या. पोरगी मस्त झोपलेली. माझं नाचणं आपोआप थांबलं. १६२९ साली दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू मारले गेले. जिजाऊंचे वडील, भाऊ, भाचा एकाच दिवशी गेले. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवबा जन्मले. पुढचं सगळं आपण शाळेत पाठ करतो. जिजाऊंचं माहेर असं उजाड झालं होतं, हे मात्र मला इथे उभं राहिल्यावरच उमगलं.

बाकी गावात लखुजीरावांची भव्य समाधी आहे, पुतळा बारव आहे आणि रंगमहालही आहे. शहाजी-जिजाऊंच्या सोयरिकीची पहिली गोष्ट तिथल्या रंगपंचमीत निघाली, असं सांगतात.

१२ जानेवारीला इथे प्रचंड गर्दी होते. निवांत पाहायचं तर हिवाळ्यातली दुसरी एखादी सकाळ निवडा, लेकीबाळींना बरोबर आणा. आणि भिंतीवर नाव कोरायची हौस असेल, तर कृपा करून घरीच थांबा. या वाड्याला एक नाव पुरेसं आहे.