मितभाषी माइक

आमच्या घराण्यात हळू बोलणारं माणूस जन्माला येत नाही. आजोबांनी माडीवरून हाक मारली की कोपऱ्यावरचा वाणी न विचारता गूळ बांधायला घेई. अशा घरात भाच्यानं पॉडकास्टसाठी माइक आणला आणि त्याला आमचं काही ऐकूच येईना!

माइक साधासुधा नव्हे. शुअरचा एसएम सेव्हन बी. त्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे एसएम सेव्हनसमोर, मायकल जॅक्सन १९८२ साली ‘थ्रिलर’ गायला. आमच्याकडे त्याच्या धाकट्यापुढे ‘गृहनिर्माण संस्थेचा देखभाल खर्च : एक चिंतन’ चाललं होतं. तरी तो मुका राहिला तो आमच्या विषयामुळे नव्हे. डायनॅमिक माइकचा स्वभावच तसा. आवाजानं आतली तारेची गुंडाळी हलते, तेवढ्यावरच वीज तयार होते. तोंडाशी जोरात बोललं तरी जेमतेम एक मिलिव्होल्ट. तो ऐकण्याजोगा करायला साठेक डेसिबल गेन लागतो. भाच्यानं इंटरफेसची, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीची, खुंटी शेवटापर्यंत पिळली तेव्हा माझा आवाज आला खरा, पण मागे स्टोव्ह पेटवल्यासारखी फुसफुस.

मग आला बूस्टर. माइक आणि इंटरफेसच्या मध्ये जोडायची इवलीशी डबी. इंटरफेसकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर घेते आणि माइकचा आवाज पंचवीसेक डेसिबल, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबात सुमारे अठरा पट, वाढवते. ते ४८ व्होल्ट ती स्वतःच वापरते, माइकपर्यंत काही पोहोचू देत नाही. वरून आलेला निधी मधल्यामध्ये संपण्याची रीत आपल्याला नवी नाही, पण त्यात खालच्याचं भलं होताना मी प्रथमच पाहिलं: नाजूक रिबन माइक त्यामुळे सुरक्षित राहतात. कंडेन्सर माइक मात्र या डबीमागे उपाशी मरतो.

‘‘मामा, आता बोल!’’ भाचा म्हणाला. मी बोललो. माझ्या पाठोपाठ कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं फर्निचर आणि ‘‘यांचं अजून चाललंय का?’’ हा हिचा खासगी अभिप्राय, सगळं अठरा पट. डबीला पाहुणा आणि घरचा यातला फरक कळत नाही.

२०२३ साली शुअरनं असा बूस्टर पोटातच असलेला एसएम सेव्हन डीबी काढला. म्हणजे गरज खरी आहे. फक्त सगळ्यांना नाही. फुसफुस इंटरफेसच्या प्रीअँपची, म्हणजे त्यातल्या आवाज वाढवणाऱ्या भागाची, असेल तरच डबीचा उपयोग. प्रीअँप मुळात शांत असेल तर डबी लावून फारसा फरक पडत नाही, पाकिटाला तेवढा पडतो. म्हणून खरेदीआधी बोलताना लागतो तेवढा गेन ठेवून, तोंड मिटून, हेडफोनवर ऐका. फुसफुस खुपत नसेल तर पैसे राहू द्या आणि खुर्ची पुढे ओढा. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात.