रा. रा. ‘खास तुमच्यासाठी’ साहेब यांस

मु. पो. न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे



पत्र लिहिण्यास कारण की, आपण बरेच दिवस माझ्या मोबाईलमधल्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये मुक्कामाला आहात, दरमहा पैसे मीच भरतो, आणि आपले आभार मानायचे मात्र राहूनच गेले. आपल्या अ‍ॅपचं नाव इथे लिहीत नाही. एक तर सगळ्याच अ‍ॅपांत आपली भावकी नांदते आहे, आणि दुसरं म्हणजे नाव छापलं तर तीही आपली जाहिरातच व्हायची.

पहिले आभार नव्या बँडांबद्दल. मला नवे रॉक बँड ऐकायचे होते, एवढीच माफक इच्छा. आपण केवढी तत्परता दाखवलीत! मी पिंक फ्लॉइड ऐकलं, आपण लेड झेपेलिन दिलंत. लेड झेपेलिन ऐकलं, तर डीप पर्पल आलं. मग ईगल्सचं ते हॉटेलवालं गाणं, जे गिटार घेतलेल्या प्रत्येक पोराने हॉस्टेलवर बाकीच्यांची झोप मोडून वाजवलेलं असतं. आणि मग, जरा दम खाऊन, परत पिंक फ्लॉइड. या रिंगणाला आपण ‘नवा शोध’ म्हणता. त्यातला सगळ्यात तरुण बँड १९७१ सालचा आहे.

दुसरे आभार माझ्या पत्त्याबद्दल. शिरूर-चौफुला रस्ता, घोडगंगा कारखाना, उसाच्या ट्रॉल्या आणि भीमा ओलांडली की चौफुल्याची लावणीची कला केंद्रं, एवढ्या भांडवलावर माझी आवड आपण परस्पर ठरवून टाकलीत. त्यात भाच्याच्या हळदीला पोरांनी नेमका माझा मोबाईल डीजेला जोडला. मग काय, आपल्याला पुरावाच सापडला! तेव्हापासून मी सकाळी दात घासत असलो तरी आपण मला वरातीत नाचवायला तयार. लावणीशी माझं वैर नाही. उलट चौफुल्याची ढोलकी कानात बसलेल्या माणसाला कुठलाही ड्रमवाला सहजी फसवू शकत नाही.

तक्रार वेगळी आहे. आपण माझे दोन कप्पे केलेत. एकात गावचा मी, दुसऱ्यात रॉकवाला मी, आणि दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये पहाऱ्याला आपण. आता हेच पाहा, तुकोबांची पालखी वारीत आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा बँड आहे, तो संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रमवर गातो. माझा पत्ता आपल्याकडे आहे. माझी गिटारची हौस आपल्याकडे नोंदलेली आहे. या दोन गोष्टींची बेरीज करायला फार मोठं गणित लागत नाही, तरी आपल्याला ती जमली नाही. हा बँड मला सांगितला चुलत बहिणीने, फोनवर, तेही जावेच्या तक्रारी संपल्यावर.

आपल्या घराण्याचा थोडा अभ्यास केला आहे, राग नसावा. १९९४च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘रिंगो’ नावाची एक सोय निघाली होती. तुम्ही ई-मेलने कळवायचं की अमुक गायक आवडतो, तमुक बँड आवडत नाही. मग ती तुमच्यासारख्या आवडीची माणसं शोधायची आणि त्यांना आवडलेलं, पण तुम्ही न ऐकलेलं तुम्हाला सुचवायची. हे आपले आजोबा. ते निदान विचारत तरी होते. आपण विचारत नाही, दाराला कान लावून बसता. गाणं किती वाजलं, कुठे बंद केलं, कुठे पुढे ढकललं, सगळं वहीत. मी एखादं गाणं मध्येच ढकललं की आपल्या नावावर डाग पडतो. मग आपण धोका कशाला पत्कराल? ज्याची खात्री, तेच पुन्हा वाढायचं. आजवर आपण मला एकही गाणं असं दिलं नाहीत की ज्याने मी दचकलो. आपल्याकडून चूक होत नाही साहेब, हाच आपला गुन्हा.

चूक कशी करावी हे शिकायचं असेल, तर आमच्या भागातल्या मोबाईलच्या दुकानांत उमेदवारी करायला हवी होती. मेमरी कार्ड भरून देण्याचे दिवस आठवा. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ‘मराठी डीजे’, ‘भक्तिगीते’, ‘जुनी हिंदी’ असे फोल्डर, आणि उरलेल्या जगासाठी एकच, ‘इंग्लिश’. त्यात बोनी एम, कुस्तीवाल्यांच्या एन्ट्रीची गाणी, एखादं अरबी, आणि मधेच ‘ट्रॅक ०७’ या नावाखाली आयर्न मेडन. दुकानदाराला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि आवडतही नव्हतं. तो फक्त कार्डात जागा उरली म्हणून भरायचा. कॉपीराइटचा विषय काढू नका, तो गुन्हा होताच. पण त्या रिकाम्या जागेने या रस्त्यावरच्या काही पोरांचे कान कायमचे बिघडवले, त्यातला एक मी.

हे फक्त शिरूर तालुक्यात घडलं असं समजू नका. सहाराच्या वाळवंटातही मोबाईलची मेमरी कार्डं आणि ब्लूटूथ यांवरूनच गाणी फिरत होती. ख्रिस्तोफर कर्कली नावाच्या अमेरिकी माणसाने ती तिथल्या लोकांच्या फोनमधून गोळा केली आणि २०१०-११च्या सुमारास ‘साहेल साउंड्स’ या आपल्या छोट्या लेबलवरून त्यांचा संग्रह काढला. नायजर देशातला एमदू मोक्तार जगाला कळला तो त्यातून. या गड्याने पहिली गिटार स्वतः बनवली होती, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकची वायर लावून. २०२१चा त्याचा ‘आफ्रिक व्हिक्तिम’ हा अल्बम ऐका. म्हणजे मी ऐकतो, आपण फक्त नोंद घ्या. शेजारच्या मालीतल्या तिनारिवेन या बँडला २०१२ साली ग्रॅमी मिळालं. इतकं होऊनही आपण मला वाळवंटाच्या दिशेने कधी फिरकू दिलं नाहीत.

आणि माणसं काय करत होती तेही ऐकून घ्या. जॉन पील नावाचे गृहस्थ १९६७पासून २००४ साली मरेपर्यंत बीबीसीच्या रेडिओ वनवर कुणी न ऐकलेले बँड लावत राहिले. कधी कधी तबकडी चुकीच्या वेगावर लावत, आणि श्रोते तेही चालवून घेत. इकडे भारतात १९९३ साली ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघालं, तेही मुंबईतून नाही, अलाहाबादेतून! मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनच गप्प झालं. पुण्यात २०१०ला ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला. अशा महोत्सवाच्या पोस्टरवर वरची मोठ्या अक्षरांतली नावं सगळ्यांना माहीत असतात. खरा माल तळाशी, चष्मा लावून वाचावा लागणाऱ्या अक्षरांत. आपला धंदा नेमका उलटा, मोठी अक्षरं आणखी मोठी करण्याचा.

मी आता आपल्याला वगळून चालतो. एक माणूस धरायचा आणि त्याच्या मागे जायचं. महेश तिनईकर गिटारवर असलेला, १९८४मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘रॉक मशीन’ ऐकला, तो पुढे १९९३ला ‘इंडस क्रीड’ झाला. त्यातलेच उदय बेनेगल आणि जयेश गांधी नंतर न्यूयॉर्कला ‘आल्म्स फॉर शांती’मध्ये भेटले. किंवा भाषा बदलून बघायची. केरळचा ‘अवियल’ मल्याळममध्ये रॉक गातो, कलकत्त्याच्या ‘मोहिनेर घोडागुलि’ने १९७५च्या सुमाराला बंगालीत सुरुवात केली, आणि दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ ढोल घेऊन २०१९मध्ये जर्मनीच्या वाकन महोत्सवात जाऊन आला. झांबियात सत्तरच्या दशकात ‘विच’ नावाचा बँड होता, त्या वेळच्या तिथल्या रॉकला झॅमरॉक म्हणतात. मुंबईत ‘भयानक मौत’ नावाचाही मेटल बँड आहे. घरात वडीलधारं माणूस विचारतं, काय ऐकतोयस रे? तेव्हा हे नाव जरा हळू घ्यावं.

यातला एकही बँड आपण सुचवला नाहीत. सगळे आपल्याच गोदामात होते. शोधपेटीत नाव टाकलं की पहिल्या फटक्यात हजर! म्हणजे माल आहे, दाखवायची दानत नाही.

तेव्हा विनंती अशी. ती हळदीची रात्र विसरून जा, नवरा-नवरीसुद्धा विसरलेत. अल्बम संपला की गप्प बसा, लगेच आपलं काही लावू नका. बँड कुठल्या गावचा आणि गिटारवर कोण, हे गाण्याखाली दिसेल असं लिहा. आणि आठवड्यातून एकदा मला हटकून न आवडेल असं काहीतरी लावा. मी शिव्या देईन, त्या वहीत लिहून घ्या, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा लावा.

कळावे, लोभ आहेच, तो जरा कमी व्हावा ही विनंती.

आपला नाइलाजाने वर्गणीदार,
एक न्हावरेकर