किमान, कमाल, सरासरी

गावाची ओळख देवळाने, किल्ल्याने, नाहीतर तिथे जन्मलेल्या एखाद्या थोर पुरुषाने होते, अशी आपली पक्की समजूत. निफाड तालुक्यातलं लासलगाव या तिन्हींच्या नादी फारसं लागलं नाही. त्याची ओळख तीन आकड्यांत मावते: किमान, कमाल, सरासरी. १९४७ साली स्थापन झालेल्या तिथल्या बाजार समितीतून हे आकडे सुटले की दूरदूरचे भाजीवाले आपापली पाटी पुसून नवा भाव लिहितात. ‘आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ या बिरुदावर शेजारचं पिंपळगाव बसवंत तोंड वाकडं करील, आवकेचे आकडेही पुढे टाकील. करू दे. बिरुद मोजमापाने टिकत नाही, तोंडी बसल्याने टिकतं. शिवाय पुतळ्याला हार घालायला वर्षातून एकदाच जायचं असतं. इथलं स्मारक लिलावाच्या दिवशी चाकांवर येतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागतात, व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो (वर ठोकळ माल, तळाशी गोल्टी ही कला शेतकऱ्यालाही अवगत असते) आणि चार महिन्यांच्या पिकाचा निकाल घोटभर चहाच्या वेळात लागतो. पुढे खाली करताना मालावरून तंटा झालाच, तर वांधा समिती आहे. वांधे सगळीकडेच होतात. त्यांची समिती नेमण्याइतकं शहाणपण बाजारालाच सुचतं.

आक्षेप असा, की भावावर उभी असलेली ओळख भावासारखीच कोसळणार. बरोबर आहे. भाव पडला की मोटारसायकलच्या शोरूमपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळं गाव एकदम काटकसरी होतं. पण किल्ल्यावरचं गवत वाढलं म्हणून कुणाची खुर्ची हलल्याचं ऐकिवात नाही; कांदा महागला तेव्हा १९९८ साली दिल्लीकरांनी राज्य सरकार घरी बसवलं. राहता राहिलं विज्ञान. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावात विकिरण केंद्र उभारलं. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा कोकणच्या हापूसला आधी लासलगावला येऊन गॅमा किरण अंगावर घ्यावे लागले, मग पुढचं विमान. ज्याच्यासाठी एवढं केलं तो कांदा मात्र अजून बहुतेक चाळीतच पडून असतो, चांगल्या भावाची वाट बघत, हळूहळू मोड काढत.