बॅकग्राउंडवाले भाऊ

2 एप्रिल 2022, ऐन गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूरच्या आभाळातून जळते ठिपके रांगेने सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. सुमारे 3 मीटर व्यासाचं. आजूबाजूच्या शिवारांत पुढे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असा जाणकारांनी अंदाज बांधला, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आमची अख्खी कॉलनी गच्चीवर होती. कोणी विमान म्हणे, कोणी उल्का, कोणी क्षेपणास्त्र. शेजारच्या आजींनी हात जोडले. भाऊ मात्र कठड्याला टेकून, चेहरा पाडून उभे.

"काय झालं भाऊ?"

"एवढं मोठं दृश्य, बापा," भाऊ म्हणाले, "अन् मागं एक व्हायोलिन नाई!"

प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असा एखादा माणूस असतोच. कुठे तो शाळामास्तर असतो, कुठे मेडिकल स्टोअरवाला. आमच्या वाट्याला आलेला नमुना वीज केंद्रातला. विज्ञानपटांतलं वाद्यवृंदाचं पार्श्वसंगीत हे भाऊंचं एकुलतं एक व्यसन. खर्रासुद्धा खात नाहीत, आणि चंद्रपुरात हे सांगण्याजोगं आहे. गाण्यांचा त्यांना तिटकारा. पिक्चरमध्ये गाणं लागलं की ते चहा प्यायला बाहेर जातात आणि सगळे उठून निघाले की आत येऊन बसतात. पडद्यावरून नावं सरकत असतात, मागे चाळीस-पन्नास व्हायोलिनं वाजत असतात, आणि भाऊ डोळे मिटून कोपऱ्याच्या खुर्चीत. रांगेतल्या बाकी लोकांनी त्यांच्या गुडघ्यांवरून कसंबसं ओलांडून जायचं. झाडू मारणारा पोरगा आता सवयीने त्यांच्या पायाखालची जागा शेवटी झाडतो.

नोकरीच्या ठिकाणीही त्यांचे कान सुटीवर नसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट मुख्यतः सेकंदाला 100 कंपनांचा. भाऊंनी घरची पेटी पुढ्यात घेऊन हा स्वर तपासला, तो पाश्चात्त्य 'जी'च्या अगदी लगत निघाला, किंचित चढा. तेव्हापासून 2,920 मेगावॉटचं आपलं वीज केंद्र म्हणजे जगातला सगळ्यात महाग तानपुरा, असं ते नव्या शिकाऊ इंजिनिअरांना सांगतात. पोरं वहीत लिहून घेतात. परीक्षेत येईल, असं त्यांना वाटतं.

भाऊंचा एक सिद्धान्त आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून चहा पिऊन कोणाला उठता आलेलं नाही. आधी लोकांना वाटे, दुसऱ्या ग्रहाची गोष्ट आहे तर आवाजही दुसऱ्या ग्रहाचाच पाहिजे. 1951 च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मध्ये बर्नार्ड हर्मननं दोन थेरेमिन वापरले. हे वाद्य हात न लावता, हवेत हात हलवून वाजवतात. 1956 च्या 'फरबिडन प्लॅनेट'मध्ये लुई आणि बेबे बॅरन या नवराबायकोनं तर एकही वाद्य न घेता नुसत्या इलेक्ट्रॉनिक सर्किटांतून सगळं काढलं. वादकांच्या युनियनचा खटका नको म्हणून श्रेयनामावलीत त्याला 'म्युझिक' म्हटलं नाही, 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' म्हटलं. (भाऊ स्वतः युनियनचे जुने कार्यकर्ते. इथे ते कोणाच्या बाजूनं आहेत ते कळत नाही. आवाज मात्र चढतो.) मग 1977 साल उजाडलं. 'स्टार वॉर्स'साठी जॉर्ज लुकासला जुन्या वळणाचं, भरगच्च सिंफनीचं संगीत हवं होतं. जॉन विल्यम्सनं ते लिहिलं, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं वाजवलं, आणि विल्यम्स ऑस्कर घेऊन गेला.

"काहून?" भाऊ विचारतात आणि तुम्हाला बोलू न देता सांगतात, "जे डोयाले दिसते ते कधी पायलं नाई. माणूस घाबरते. मंग कानाले तरी ओळखीचं पाहिजे का नाई?"

मला हे पटतं. भाऊंना सांगत नाही, कारण पटलं असं कळलं की दुसरा चहा येतो.

भाऊंच्या लेखी जगात सर्वांत मोठा अन्याय झाला तो ॲलेक्स नॉर्थवर. '2001 : अ स्पेस ओडिसी'साठी त्यानं संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रणही झालं, आणि स्टॅनली कुब्रिकनं ते बाजूला ठेवून जुन्याच तबकड्या वापरल्या. नॉर्थला याचा पत्ता लागला तो 1968 साली तयार पिक्चर पाहताना. खात्यात कोणाचं प्रमोशन हुकलं की भाऊ त्याच्या टेबलाशी जाऊन ही हकीकत सांगतात. माणसाचं दुःख हलकं होत नाही, पण ॲलेक्स नॉर्थ हा कुठल्या युनिटमध्ये होता याची चौकशी सुरू होते.

आता कुब्रिकवर एवढा राग, तर त्यानं घातलेलं रिचर्ड श्ट्राउसचं 1896 सालचं संगीत भाऊंनी वर्ज्य करायला हवं. तसं नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं शटर वर जाऊ लागलं की भाऊ समोर उभे राहून तुतारीच्या आवाजात सा, प, सां असे चढत जातात, शटर पुरतं वर गेलं की शुद्ध गंधार दणक्यात लावतात आणि लगेच कोमल गंधारावर कोसळतात. मग हातानं ढोल. दुकानदार आतून ओरडतो, "या भाऊ, मागचे तीनशे बाकी हायेत."

घरी हा कारभार वहिनींच्या अंगावर येतो. जेरी गोल्डस्मिथनं 1968 च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये स्वयंपाकघरातले स्टीलचे वाडगे तालवाद्य म्हणून वापरले, हे भाऊंच्या वाचनात आलं त्या दिवशी वहिनी माहेरी होत्या. परतल्या तेव्हा ओट्यावर गंज, कोपर, डबे उतरत्या क्रमानं पालथे मांडलेले आणि भाऊंच्या हातात दोन पळ्या. "माकडायच्या पिक्चरपायी माहे दोन गंज चेपले," वहिनी मला सांगत होत्या. "त्या गोल्डस्मिथले म्हणा, भरून दे." त्याच गोल्डस्मिथनं 'एलियन'मध्ये शंख वापरल्याचं पुढे कळलं. देवघरातला शंख वहिनींनी तेव्हापासून कुलपात ठेवला आहे. सत्यनारायणाला चावी काढतात.

महाराष्ट्राच्या मातीतलं एकच तीर्थक्षेत्र भाऊ मानतात आणि ते खालापूर. स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये हजारोंचा जमाव आभाळातून आलेले पाच स्वर गातो, आणि हा आवाज आला कुठून असं विचारल्यावर सगळी बोटं एकदम वर जातात. पडद्यावर गाव धरमशाला म्हणून दाखवलं, पण चित्रीकरण झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात. विल्यम्सनं त्या पाच स्वरांच्या शेकडो जुळण्या करून पाहिल्या, तेव्हा एक ठरली. आपल्या हिशेबानं रे, ग, सा, मंद्र सा, मंद्र प. पाचव्या स्वरावर येऊन ती थांबते, पण संपत नाही. समोरच्यानं उत्तर द्यावं अशी सोय ठेवलेली. भाऊ पुण्याच्या साल्याकडून मुंबईला निघाले की एक्सप्रेस वेवरच्या खालापूर टोलनाक्याला गाडीची काच खाली करतात आणि हे पाच स्वर मोठ्यानं म्हणतात. मागच्या ट्रकनं उत्तर दिलं होतं. ते पाच स्वरांत नव्हतं.

तर असा हा माणूस. लंडन, हॉलिवूड, दुसरी आकाशगंगा, सगळीकडे कान लावून बसलेला. त्याला मी एकदा हिवाळ्यात वडश्याला घेऊन गेलो.

झाडीपट्टीची रंगभूमी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा झाडीचा मुलूख. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभराची नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. देसाईगंज म्हणजे वडसा हे या धंद्याचं ठाणं. नाट्यमंडळांची ऑफिसं तिथे, नाटक ठरवायला गावकरी तिथे येतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटकात सासू-सून, जमीन, दारू, बहीण-भाऊ, खलनायक, मध्येच लावणी. आणि रंगमंचाच्या पुढ्यात वादकांची बैठक: ऑर्गन, ढोलक-तबला, ऑक्टोपॅड.

आम्ही वादकांना खेटून बसलो. ऑर्गनवाले काकाजी वयानं साठीच्या पुढचे, कानटोपी, गळ्याला मफलर. पडदा उघडायला वेळ होता. भाऊंनी विषय काढलाच.

"काकाजी, लंडनले एक टेंपल चर्च हाये. तिथला ऑर्गन हान्स झिमरनं 'इंटरस्टेलर' पिक्चरमंदी वाजवून घेतला."

"पेटी केवढी?"

"भिंतीएवढी. हजारो नळ्या."

"हवा कोन भरते?"

"मोटर."

काकाजींनी पायानं आपला भाता दाबून पाहिला. "अन् लाइन गेली तं?"

वीज केंद्रात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न असा लागला की नाटकाचा पहिला अंक सुरू होईपर्यंत भाऊ बोलले नाहीत.

पुढे जे झालं ते मी शेजारी बसून पाहिलं. खलनायक आला तेव्हा काकाजींनी एकच खालचा स्वर धरला आणि तो पुरा मंच ओलांडून जाईपर्यंत सोडला नाही. आई मरताना त्यांनी काहीच वाजवलं नाही. बाया रडू लागल्या, तेव्हा कुठे हलकेच दोन सूर टाकले. त्यांची नजर बोटांकडे नव्हतीच, नटाच्या तोंडाकडे होती. दुसऱ्या अंकात नायक संवाद विसरला. काकाजींनी तीच ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा जरा चढवून वाजवली, आणि नायकाला आठवलं. प्रेक्षकांना वाटलं, पोरगा मनातल्या मनात झुरतो आहे. टाळ्या पडल्या.

भाऊ माझ्या कानाशी आले. "विल्यम्सले हे करा नाई लागत. त्याच्या 'स्टार वॉर्स'चा डार्थ व्हेडर कधी डायलॉग विसरला नाई."

पहाटे शेकोटीशी चहा घेताना भाऊंनी मंडळाच्या मालकासमोर प्रस्ताव ठेवला. झाडीपट्टीचं पहिलं अवकाशनाटक! लाडबोरीचं कडं, आभाळातून पडलेलं, गावात भीती, आणि मागे फक्त काकाजींचा ऑर्गन. मालकानं शांतपणे ऐकलं. धंदा जाणणारा माणूस.

"कडं पडते, हे ठीक," तो म्हणाला. "पर कोनाच्या वावरात पडते? दोघा भावायच्या वादातल्या वावरात पडलं तं तीन अंक निघते."

भाऊ सध्या तेच लिहीत आहेत. कडं पहिल्या अंकाच्या शेवटी पडतं, धाकट्या भावाच्या बांधावर. थोरली जाऊ म्हणते, अर्धं आमचं. दुसऱ्या अंकात लावणीसाठी जागा ठेवली आहे, पण मालकानं आग्रह केला म्हणून, असं भाऊ तीनतीनदा सांगतात. मधल्या काळात ते सिरोंच्याजवळच्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात जाऊन आले. डायनासोरांच्या काळाच्या त्या खुणांपुढे उभं राहून त्यांनी 'ज्युरासिक पार्क'ची मुख्य धून पूर्ण म्हटली, हे सोबत गेलेल्या मेहुण्यानं सांगितलं. मेहुणा गाडीत जाऊन बसला होता.

तुमच्याकडे लग्नकार्य असेल तर भाऊंना पत्रिका अवश्य द्या. माणूस वेळेवर येतो, आहेर चांगला करतो, जेवणाला नावं ठेवत नाही. फक्त बँडवाल्यांपासून लांब बसवा. गेल्या उन्हाळ्यात मूलच्या एका लग्नात त्यांनी बँडमास्तरला बाजूला घेऊन 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला 'इम्पीरियल मार्च' शिकवला. खलनायक डार्थ व्हेडर येताना वाजतो तो. तो नेमका वाजला विहीणबाई मांडवात शिरताना. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा प्रवेश केला. आता त्या बँडच्या यादीत 'विहिणीची धून' म्हणून ती वेगळी लिहिलेली आहे आणि तिचे पाचशे रुपये जास्त पडतात. सुपारी देतानाच बोलून घ्या.